कोवळी ज्वारी खाऊन जनावर मरतं, मग ज्वारी स्वतः का मरत नाही?

दुधना_काठ

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातला आहे, घरची कोरडवाहू शेती. परवा आमच्या शेजाऱ्यांची एक चांगली कालवड गेली. पावसानं ओढ दिल्यामुळं हायब्रीड ज्वारी गुडघ्याएवढीच राहिली, माना टाकायली होती, तर त्यांनी म्हणले आता ह्यात कणीस काही पडत नाही, जनावरांच्या तरी पोटात जाऊ द्या. सोडली आणि थोड्याच वेळात कालवड थरथरून खाली बसली, तोंडाला फेस, धाप, डॉक्टर गावात पोचायच्या आत खेळ खलास. डॉक्टर म्हणले सायनाइड. आता कोवळी ज्वारी चारू नये हे आमच्या आज्यापासून सगळ्यांना माहीत आहे, पण वैरण नसली की माणूस काय करील.

माझी पुतणी लातूरला अकरावीला आहे, नीटची तयारी करायली. तिला फोनवर हे सांगितलं तर तिनं विचारलं, काका, पानात एवढं जहर आहे तर ते पान जितं कसं राहतं? तिला पेशीची सगळी अंगकं म्हणजे पेशीच्या आतले छोटे अवयव पाठ आहेत, केंद्रक, तंतुकणिका, रिक्तिका, गॉल्गी, कोणाचं काम काय ते झोपेत विचारलं तरी सांगती. पण ह्या प्रश्नाचं उत्तर त्या तक्त्यात कुठं सापडंना. इथं बरेच जाणकार आहेत म्हणून विचारायलोय.

बालाघाट

दादा, कालवडीचं वाचून वाईट वाटलं. तुमच्या पुतणीचा प्रश्न मात्र असा आहे की मी माझ्या अकरावीच्या वर्गात पेशीचा धडा इथूनच सुरू करीन.

पहिली गोष्ट म्हणजे ज्वारीच्या धडधाकट पानात मोकळं सायनाइड जवळजवळ नसतंच. असतं ते धुरीन नावाचं संयुग, सायनाइड तयार होऊ शकेल असा भाग एका साखरेच्या रेणूला बांधून ठेवलेला, आणि बांधलेला आहे तोवर तो निरुपद्रवी. हे बंधन तोडणारं विकर म्हणजे एन्झाइम पण त्याच पानात असतं. मग दोघं भेटत का नाहीत? कारण दोघांचे कप्पे वेगळे. धुरीन साठतं पानाच्या बाहेरच्या सालीतल्या म्हणजे अपित्वचेच्या पेशींच्या रिक्तिकेत म्हणजे साठवणीच्या पिशवीत, आणि ते तोडणारं विकर असतं आतल्या हिरव्या गराच्या पेशींमध्ये, ते पण त्यांच्या हरितलवकात, म्हणजे अन्न बनवणाऱ्या हिरव्या अंगकात. मध्ये रिक्तिकेचं पटल, पेशीचं प्रद्रव्यपटल, पेशीभित्तिका, मग शेजारच्या पेशीचं पटल, मग हरितलवकाचं दुहेरी पटल, इतकं सगळं आडवं आहे. पान शांत उभं असेल तर ही भेट होत नाही. जनावरानं दाताखाली चावलं की सगळी पटलं एकदम फुटतात, रस एकात एक मिसळतो आणि काही क्षणात हायड्रोजन सायनाइड सुटायला लागतं. घरात आपण फवारणीचा डबा आणि पिठाचा डबा एका फळीवर ठेवत नाही, तसंच हे.

आता हे कुणी नुसतं तर्कानं सांगितलेलं नाही. 1979 मध्ये कॅलिफोर्नियात एरिक कॉन यांच्या गटानं ज्वारीच्या पानाच्या सालीच्या पेशी आणि गराच्या पेशी वेगळ्या काढून दोन्हींत काय काय सापडतं ते तपासलं, धुरीन सगळं सालीत आणि ते तोडणारी विकरं गरात. आणि धुरीन बनतं कुठं, तर आंतर्द्रव्यजालिका म्हणजे पेशीतलं पटलांचं जाळं, त्याच्या पटलावर. तिथं विकरं एकमेकांना खेटून बसलेली असतात, एकाच्या हातातून माल सुटला की दुसऱ्यानं धरायचा, कारण मधले टप्पे सुद्धा विषारीच आहेत, ते पेशीत मोकळे फिरले तर झाडालाच बाधतील.

माझं कित्येक वर्षांचं म्हणणं हेच आहे की आपण पोरांना अंगकांची कामं पाठ करून घेतो, हे बनवतं ते साठवतं, पण अंगकाचं अर्धं काम हे दोन गोष्टी एकमेकींपासून लांब ठेवणं असतं आणि ते कुठल्याच तक्त्यात येत नाही. लयकारिकेचं, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीचं बघा. तिच्यातली पाचक विकरं आम्लात चालतात, म्हणून ती आतला भाग पंप लावून आम्ल ठेवते, बाहेर पेशीद्रव्यात म्हणजे पेशीतल्या रसात मात्र आम्लता नाही, म्हणजे थोडं बाहेर सांडलं तरी ती विकरं तिथं मंदावतात. क्रिस्तियान द डूव्ह यांना 1955 च्या सुमारास लयकारिका सापडल्या त्या पण अशाच. यकृताच्या पेशी वाटून काढल्यावर एक विकर जेवढं चालायला पाहिजे तेवढं चालेना, आणि तोच माल काही दिवस ठेवून परत तपासला तर जोरात चालायला लागलं, म्हणजे ते कुठल्यातरी पिशवीत कोंडलेलं होतं आणि पिशवी फुटल्यावर बाहेर आलं.

मांजरा

काकांची पुतणी मीच 🙂 सर, खूप थँक्यू. पण मग पुढचा प्रश्न. जनावराच्या पोटात सायनाइड सुटलं हे कळलं, पण त्यानं मरतं कसं नेमकं? आम्हाला एवढंच आहे की सायनाइड श्वसन थांबवतं. म्हणजे फुप्फुस थांबतं का?

जनावरांचा_डॉक्टर

नाही ताई, फुप्फुस सुरूच असतं, उलट जनावर जोरजोरात धापा टाकत असतं. थांबतं ते पेशीच्या आतलं श्वसन. तंतुकणिका म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारं अंगक, तिच्या आतल्या पटलावर प्रथिनांची एक साखळी असते, अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन त्या साखळीवरून पुढं पुढं सरकत जातात आणि शेवटी ऑक्सिजनला दिले जातात. हे शेवटचं देण्याचं काम सायटोक्रोम ऑक्सिडेज करतं. त्याच्यात लोह असतं आणि सायनाइड नेमकं त्या लोहाला जाऊन चिकटतं. पुढचं दार बंद झाल्यावर मागची सगळी साखळी तुंबते. पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन ढकलणं थांबतं, प्रोटॉनचा दाब गेला की एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन बनवणारं प्रथिन फिरायचं थांबतं. ही प्रोटॉनच्या दाबाची कल्पना पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये मांडली, सुरुवातीला लोकांनी मानली नाही, 1978 ला त्यांना नोबेल मिळालं. मेंदू आणि हृदयाच्या पेशींना एटीपी सारखं लागतं आणि साठा तर काहीच नसतो, म्हणून घात इतका झपाट्यानं होतो.

ह्यातली सगळ्यात विचित्र गोष्ट आम्हाला रक्तात दिसते. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशी तो घेऊच शकत नाहीत, म्हणून शिरेतलं रक्त सुद्धा लालभडक दिसतं, जे एरवी काळपट असतं. हिरड्या, डोळ्यांची आतली कड लालबुंद झालेली असती. हे दिसलं आणि मालक म्हणाला ज्वारीत सोडलं होतं, की आम्ही दुसरं काही शोधत बसत नाही.

इलाज आहे आणि तो पण पेशीशीच जोडलेला आहे. आधी सोडियम नायट्राइट शिरेतून देतात, त्यानं रक्तातल्या थोड्या हिमोग्लोबिनमधलं लोह असं बदलतं की सायनाइड त्याच्याकडं ओढलं जातं आणि तंतुकणिका मोकळी व्हायला लागते. पाठोपाठ सोडियम थायोसल्फेट, त्यातून गंधक मिळतं, आणि यकृताच्या तंतुकणिकांमध्ये ऱ्होडानीज नावाचं विकर असतं ते त्या गंधकाच्या मदतीनं सायनाइडचं थायोसायनेट करतं, ते लघवीवाटे जातं. म्हणजे सायनाइड जिथं घाव घालतं त्याच अंगकात त्याला निकामी करायची सोय पण आहे, फक्त डोस एकदम मोठा आला तर ती पुरी पडत नाही. पण हे डॉक्टरनंच द्यायचं, डोस चुकला तर नायट्राइटनं पण जनावर जातं. आणि वेळ फार कमी असतो हो, म्हणून न घडू देणं हाच खरा उपाय. फुलोऱ्यात येईपर्यंत हिरवी ज्वारी चारू नका, पाण्याचा ताण पडलेली, युरिया जास्त टाकलेली आणि कापणीनंतर खोडव्याला फुटलेली पोंग्याची ज्वारी तर अजिबात नको, धुरीन ह्याच्यातच सगळ्यात जास्त असतं. रिकाम्या पोटी जनावर सोडणं सगळ्यात वाईट. गायी-म्हशी-शेळ्यांना धोका जास्त कारण त्यांच्या पोटातले जिवाणू सुद्धा धुरीन तोडतात. चांगला वाळलेला कडबा असेल तर बहुतेक सायनाइड उडून गेलेलं असतं.

तेर_तगर

लै भारी माहिती डॉक्टर. आमच्याकडं धाराशिवला पण दरवर्षी मृग कोरडा गेला की अशा दोन-चार बातम्या येतातच.

मांजरा

डॉक्टर सर, मग झाडाला पण तंतुकणिका असतातच की! एखाद्या किड्यानं पान कुरतडलं तर तिथं थोडं सायनाइड सुटणारच, मग त्या पानाच्या तंतुकणिका का बंद पडत नाहीत?

बालाघाट

शाब्बास. वर्गात हा प्रश्न कुणी विचारला तर मला तासभर आनंद पुरतो.

वनस्पतींच्या तंतुकणिकेत दोन सोयी आहेत. एक, त्यांच्याकडं त्या साखळीला एक आडवाट असते. अल्टरनेटिव्ह ऑक्सिडेज नावाचं प्रथिन इलेक्ट्रॉन मधूनच उचलून थेट ऑक्सिजनला देतं, आणि त्याला सायनाइड चिकटत नाही. ह्या वाटेनं एटीपी कमी मिळतं, बरीचशी ऊर्जा उष्णता म्हणून जाते, पण साखळी तुंबत नाही, पेशी तगते. गायीकडं ही वाट नाही, आपल्याकडं पण नाही. दुसरी सोय म्हणजे वनस्पतीच्या तंतुकणिकेतच एक विकर असतं, ते सायनाइडला सिस्टीन ह्या अमिनो आम्लाशी जोडून टाकतं आणि पुढं त्याचं अस्पॅरजिन होतं. म्हणजे विषातला नायट्रोजन सुद्धा वाया जात नाही, झाड तो परत वापरतं. आणि ही सोय फक्त ज्वारीतच नाही. फळ पिकवणारा इथिलीन वायू जेव्हा वनस्पती बनवते तेव्हा शेजारी थोडं सायनाइड निघतंच, म्हणून ते आवरायची व्यवस्था सगळ्याच झाडांना लागते.

तेर_तगर

सर, धाग्याला थोडं बाजूला नेतो पण ज्वारीचाच विषय आहे. ज्वारी दुष्काळी का, तर ती सी-फोर आहे असं कृषीवाले सांगतात. पण ऊस पण सी-फोरच ना? मग ऊस एवढं पाणी का पितो? 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, कारण धरणं कोरडी आणि आजूबाजूला ऊस हे मी डोळ्यानं बघितलंय.

गोदाकाठ

ह्याला मी उत्तर देतो, पीक शरीरक्रिया हाच माझा विषय. सी-फोर म्हणजे काय ते पेशीत जाऊनच बघू, म्हणजे ऊस आणि ज्वारीचा घोळ आपोआप सुटतो.

हवेतला कार्बन डायऑक्साइड साखरेत बांधायचं काम रुबिस्को हे विकर करतं, हरितलवकात. पण ते चुकून ऑक्सिजन पण पकडतं, आणि जितकं ऊन, जितकं तापमान, तितकी ही चूक वाढते. सोयाबीन, कापूस, तूर ह्या आपल्या पिकांत ती चूक निस्तरायला तीन अंगकं राबतात. हरितलवकातून माल पेरॉक्सिझोममध्ये, तिथून तंतुकणिकेत, तिथं बांधलेला कार्बन थोडा परत वायू होऊन उडून जातो, मग उरलेला परत पेरॉक्सिझोममार्गे हरितलवकात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात बघितलं तर ही तिन्ही अंगकं पेशीत एकमेकांना चिकटून दिसतात, ते उगीच नाही. ह्या फेऱ्यात ऊर्जा जाते, कमावलेला कार्बन जातो, आणि तो भरून काढायला पर्णरंध्रं जास्त वेळ उघडी ठेवावी लागतात, म्हणजे पाणी जातं.

ज्वारीनं काय केलं, तर हरितलवकंच दोन तऱ्हेची ठेवली. बाहेरच्या गराच्या पेशी कार्बन डायऑक्साइड दुसऱ्याच एका विकरानं पकडतात, त्या विकराला ऑक्सिजनचा मोह नाही. पकडलेला कार्बन मॅलेटच्या रूपात शिरेभोवतीच्या पेशींत जातो, तिथं तो सुटतो आणि रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइडची दाटी होते. आणि ज्वारीत ह्या आतल्या हरितलवकांमध्ये ग्राना म्हणजे त्या चकत्यांच्या चळती जवळजवळ नसतातच, त्यामुळं तिथं ऑक्सिजन तयारच फार कमी होतो. बाहेरच्या हरितलवकात मात्र ग्राना व्यवस्थित असतात. एकाच पानात, शेजारी शेजारी. पुस्तकात हरितलवकाची एकच आकृती असते, ज्वारीच्या पानाला ती अर्धीच लागू पडते. हा मार्ग 1966 मध्ये ऑस्ट्रेलियात मार्शल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी उलगडला, आणि तो सुद्धा उसावर काम करताना.

आता ऊस. एक किलो वाळका माल तयार करायला ऊस खरंच कमी पाणी वापरतो, त्याबाबतीत तो सोयाबीनपेक्षा सरस आहे. पण तो रानात बारा ते अठरा महिने उभा असतो, अख्खा उन्हाळा काढतो आणि डोंगराएवढा माल बनवतो, मग एकूण पाणी लागणारच. रब्बी ज्वारी चार महिन्यांत काळ्या रानातल्या मुरलेल्या ओलीवर निघून जाते. म्हणून सी-फोर आहे एवढ्यावर कुठलंही पीक दुष्काळी ठरत नाही, हे मी प्रत्येक बैठकीत सांगतो. ज्वारीकडं बाकी पण बरंच आहे. खोल मुळ्या, पानावर पांढुरकी मेणाची भुकटी (हे मेण सालीच्या पेशींची आंतर्द्रव्यजालिका बनवते), आणि पानाच्या वरच्या बाजूला मोठ्या रिक्तिकांच्या पेशींच्या ओळी. ताण पडला की आधी ह्या रिक्तिका पाणी सोडतात, पेशी आक्रसतात आणि पान गुंडाळलं जातं, ऊन लागणारं क्षेत्र कमी. दुपारी वावरात पान सुरळी झालेलं दिसतं ते हेच, आणि संध्याकाळी परत उघडतं.

सीडप्लॉट_जालना

वाचून राहवलं नाही म्हणून लिहायलोय. मी जालन्याकडं बियाण्याच्या कामात आहे. ज्वारीच्या हायब्रीडचा सगळा खेळ तंतुकणिकेवर उभा आहे हे शेतकऱ्यांना कुणी सांगतच नाही.

कापसाच्या सीड प्लॉटला क्रॉसिंग हातानं करतेत, बाया सकाळ-संध्याकाळ एकेका फुलावर बसतात. ज्वारीचं फूल एवढं बारीक, त्याच्यात नर-मादी दोन्ही, एका कणसात हजारोंनी फुलं, हातानं करणं शक्यच नाही. मग मादी म्हणून अशी ओळ लागते जिच्यात परागच बनत नाहीत. ही युक्ती 1954 ला अमेरिकेत स्टीफन्स आणि हॉलंड यांनी काढली. मिलो गटातल्या ज्वारीचं पेशीद्रव्य आणि काफिर गटातल्या ज्वारीचं केंद्रक एकत्र आणलं तर झाड चांगलं वाढतं पण पराग निकामी. कारण तंतुकणिकेचा स्वतःचा डीएनए असतो, पण तिला लागणारी बहुतेक प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून बनून येतात. दोघांचं जुळलं नाही तर जिथं ऊर्जा सगळ्यात जास्त लागते तिथं बिघडतं, आणि पराग तयार होताना परागकोशातल्या पेशींना लै ऊर्जा लागते.

तंतुकणिका बीजात मादीकडूनच येतात, परागातून नाही. त्यामुळं मादी ओळीतून काढलेल्या प्रत्येक बियाण्यात ती मिलोचीच तंतुकणिका. मग तुमच्या वावरातल्या हायब्रीडला दाणे कसे भरतात? नर ओळीच्या केंद्रकात असं जनुक असतं जे ही नापिकी दुरुस्त करतं, ते परागातून येतं. आपल्याकडं सीएसएच-1 हे पहिलं हायब्रीड 1964 ला आलं ते ह्याच पद्धतीनं. आणि घरचं हायब्रीड बी परत पेरलं की काही झाडांत ते दुरुस्तीचं जनुक येतच नाही, म्हणून बिनपरागाची झाडं निघतात, बाकी उंची, पोत सगळं पांगतं ते वेगळंच. बियाणं दरवर्षी विकत का घ्यावं लागतं हे विचारलं की लोक फक्त कंपनीला शिव्या देतात. दरावरून दिल्या तर मला मान्य आहे, पण बियाणं पांगतं त्याचं कारण पेशीत आहे.

आखाड्यावरून

मिलो म्हणल्यावर लगेच आठवलं. बहात्तरच्या दुष्काळात रेशनला लाल मिलो यायची, बाहेरदेशातून आलेली. आम्ही लहान होतो, खडी फोडायच्या कामावरून आई यायची आणि मिलोच्या भाकरी थापायची. त्याच मिलोचं काही हायब्रीडमध्ये आहे हे आज ह्या वयात कळायलंय.

सीडप्लॉट_जालना

हो अण्णा, तोच गट. नेमकं तेच बियाणं नाही, पण मिलो गटाचीच तंतुकणिका पिढ्यानपिढ्या मादी ओळीतून चालत आलीय.

गोदाकाठ

जालनाभाऊंनी फार महत्त्वाचं लिहिलं, त्याला धोक्याची एक बाजू जोडतो. अमेरिकेत मक्याला अशीच परागवंध्य पेशीद्रव्याची एक तऱ्हा वापरायचे, टेक्सास पेशीद्रव्य म्हणून. 1970 पर्यंत तिथल्या मक्याच्या जवळपास 85 टक्के क्षेत्रात तेच गेलं होतं. त्या मक्याच्या तंतुकणिकेत एक जास्तीचं प्रथिन बनायचं, परागवंध्यता त्याच्यामुळंच, आणि करप्याच्या बुरशीच्या एका नव्या वाणाचं विष नेमकं त्याच प्रथिनाला चिकटून तंतुकणिकेच्या आतल्या पटलाला भोकं पाडायचं. त्या एका हंगामात देशाचं सुमारे 15 टक्के मक्याचं पीक गेलं. केंद्रक वेगवेगळे, कंपन्या वेगवेगळ्या, वाण वेगवेगळे, पण तंतुकणिका सगळीकडं एकच. ज्वारीत पण संशोधक म्हणून मिलोशिवाय दुसरी पेशीद्रव्यं शोधत आलेत, आणि ते काम चालू राहिलं पाहिजे असं मला फार मनापासून वाटतं.

मांजरा

मला आता हे सगळं बघायचंय. कॉलेजात मायक्रोस्कोप आहे पण कांद्याची साल सोडून काही दाखवत नाहीत. ज्वारीच्या पानात ह्यातलं काय दिसेल सर?

बालाघाट

बरंच दिसेल. ज्वारीचं पान गाजराच्या तुकड्याला चीर देऊन त्यात उभं धर आणि नव्या ब्लेडनं आडवे पातळ काप घे, दहा-वीस घेतले की एखादा पारदर्शक निघतो, तो पाण्याच्या थेंबात ठेव. शंभर पट मोठं केलं तरी शिरांभोवती गडद हिरव्या पेशींची गोल कडी दिसेल, गोदाकाठ म्हणतात ती आतली हरितलवकं तिथंच. वरच्या सालीत मोठ्या, रंगहीन, फुगीर पेशींचा झुपका दिसेल, पान गुंडाळणाऱ्या त्याच. चारशे पटीला हरितलवकाचे दाणे सुटे दिसतात. ग्राना दिसणार नाहीत, त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. तंतुकणिका बघायच्या असतील तर कांद्याची आतली साल घे आणि जॅनस ग्रीन बी ह्या रंगाचं अगदी फिकं द्रावण टाक, थोड्या वेळानं निळसर हिरवे बारीक ठिपके हलताना दिसतात, हा रंग जिवंत पेशीत तंतुकणिकांनाच धरतो. तुझ्या सरांना विचार, प्रयोगशाळेत नसेल तर मागवता येतो. आणि एक काप सोयाबीनच्या पानाचा घेऊन शेजारी ठेव. त्यात शिरेभोवती ती गडद कडी सापडते का ते बघ आणि इथं येऊन लिही.

दुधना_काठ

सर्वांचे आभार. शेजाऱ्यांना डॉक्टरसाहेबांचं सगळं वाचून दाखवलं. त्यांची उरलेली ज्वारी दोन एकर उभी आहे. डॉक्टर, ती कापून चांगली कडक वाळवली तर चालेल का, की आता पाऊस झाल्यावर फुलोऱ्यापर्यंत थांबावं?

जनावरांचा_डॉक्टर

थांबता येत असेल तर थांबा. आता पाऊस झालाय म्हणजे नवे फुटवे येतील आणि त्यात धुरीन जास्त असेल, पुढचे काही दिवस तिकडं जनावर फिरकू देऊ नका, बांधावर पण नाही. कापायचीच असेल तर पसरून वाळवा, ढीग लावू नका, धाट मोडल्यावर कट्कन वाजलं पाहिजे इतकी वाळू द्या, आणि पहिल्यांदा थोडी, ती पण दुसरी वैरण पोटात गेल्यावर.